सतराव्या मिनिटाची बासरी

आमच्या ग्रुपचं नाव 'लांब गाणी'. त्यात आम्ही चौघं होतो, आता तिघं आहोत. चौथी माझ्यामुळे गेली. हे कसं झालं ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात आहे. पण लिहायला बसले की पाच मिनिटांत उठावंसं वाटतं. आताही हे दोनदा उठून, गॅलरीत फेऱ्या मारून लिहिते आहे.

टाळेबंदीच्या दिवसांतली गोष्ट. मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर एका इटालियन बँडचा जुना कार्यक्रम पाहत होते. पन्नास वर्षांपूर्वीचं धुरकट चित्रीकरण, लांब केसांची पोरं, आणि तीन-तीन की-बोर्डांमध्ये उभा असलेला एक घामाघूम माणूस. खाली जगभरच्या लोकांनी काय काय लिहिलेलं होतं आणि त्यात एकच ओळ देवनागरीत: 'काय वाजवून राह्यले बाप्पा हे लोक.' मला आधी हसू आलं आणि मग एकदम भरून आलं. अकोल्याला शिकायला होते तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीच्या वॉकमनवर हे संगीत पहिल्यांदा कानावर पडलं होतं. तेव्हापासून पंचवीस वर्षं मी ते एकटीच ऐकत आले होते. नवऱ्याला ते 'गाडी चालू होऊन नाई राहिली' असं वाटतं. मी त्या ओळीखाली लिहिलं, 'अमरावतीहून ऐकून राहिली. तुमी कुठचे?' उत्तर आलं, 'मोर्शी. संत्र्याच्या बगीच्यातून.'

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. बँडची नावं सांगून उपयोग नाही. माहीत नसणाऱ्याला ती औषधांच्या नावांसारखी वाटतात. एवढंच सांगते की यातलं गाणं तीन मिनिटांत आटोपत नाही. ते वीस मिनिटं चालतं, मध्येच ताल सात मात्रांत जातो, मग पाचात, मग सगळं थांबून नुसता ऑर्गन उरतो आणि आपण वाट पाहत बसतो. बसावं लागतं. अल्बम असतो चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा, आणि तो सुटा सुटा ऐकला तर हाती काही लागत नाही.

मोर्शीवाल्याने ग्रुप काढला. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पुण्याची नोकरी सोडून वडिलांच्या बगीच्यात परत आलेला. त्याच्या ओळखीतून दर्यापूरची एक जण आली. तिचं स्टँडजवळ औषधांचं दुकान आहे. शेवटी आले अकोल्याचे चाचा. त्यांचा जुन्या शहरात फर्निचरचा कारखाना, कारखाना म्हणजे घराला लागून टिनाचं शेड आणि दोन मशिनी. वय पासष्टच्या पुढे. त्यांचा मेहुणा कुवेतला होता. तो सुट्टीवर येताना कॅसेटी आणायचा, त्यात चुकून या बँडच्या दोन-तीन आल्या आणि चाचा अडकले ते कायमचे. इंग्रजी त्यांना येत नाही. 'शब्द समजत नाई थे बरंच हाय,' ते म्हणायचे. 'समजले असते तं भांडण झालं असतं.'

आम्ही एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारायचो. चाचा तेवढे चाचा.

ग्रुपचा नियम त्यांनीच घातला होता. आठवड्यात एक अल्बम, अख्खा, एका बैठकीत ऐकायचा आणि रविवारी सकाळी त्याबद्दल लिहायचं. लिंक टाकायची नाही. 'लिंक टाकली की माणूस म्हणते नंतर ऐकीन, आन् थे नंतर काही येत नाई,' त्यांनी बजावलं होतं. 'लिहा. काय वाजलं, कुठं वाजलं, मिनिटासहित.'

माझं लिहिणं सगळ्यांना आवडायचं, हे मला कबूल केलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच झालं. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर शेतकऱ्यांच्या पिशव्यांतली माती वाळवायची, चाळायची, सामू म्हणजे पीएच काढायचा. त्यामुळे उपमाही तिथल्याच सुचायच्या. एकदा मी लिहिलं होतं की अकराव्या मिनिटाला ऑर्गन असा येतो, जसं भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पाणी सोडल्यावर भेगांतून बुडबुड आवाज येतो. चाचांनी उत्तर दिलं, 'हे वाचून पुन्हा ऐकला. आता पाणीच ऐकू येते.' मी ते वाक्य दिवसभर तीन-चारदा उघडून वाचलं.

एका रविवारी चाचांनी त्यांच्या स्पीकरचा फोटो टाकला. सागाच्या लाकडाचे, कमरेएवढे उंच दोन डबे. जुन्या दाराची फळी वापरून त्यांनी ते स्वतः बनवले होते, कोपरे असे जुळवलेले की सांधा दिसत नव्हता. मोर्शीवाल्याने लिहिलं, 'चाचा, हे पाहायले मी अकोल्याले येतो.' तो गेला नाही. आमच्यापैकी कुणीच कधी कुणाच्या घरी गेलं नव्हतं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मला काहीतरी व्हायला लागलं. नीट सांगता येत नाही. बसलं की पोटऱ्यांतून मुंग्या चढल्यासारखं व्हायचं आणि उठावंच लागायचं. उठलं की कुठे जायचं ते ठाऊक नसायचं. थंडीत अंगाला घाम फुटायचा. कढईत फोडणी टाकून मी गॅलरीत जायची, तिथून दाराशी, दारातून परत, आणि जिरं करपायचं. प्रयोगशाळेत मातीचं द्रावण हलवायचं यंत्र अर्धा तास चालतं. तो अर्धा तास पूर्वी मी खुर्चीवर बसून नोंदी करायची, आता यंत्राभोवती चकरा मारायची. सोबतची मुलगी म्हणायची, 'मॅडम, तुमी बी त्याच्यासंगं फिरून राहिल्या.'

आणि ऐकणं बंद झालं. इयरफोन लावून बसले की तिसऱ्या मिनिटाला वाटायचं, हे कधी संपणार. ज्या जागांसाठी मी वर्षानुवर्षं जीव टाकला होता, त्या येण्याच्या आधीच मी उठलेली असायची. डिसेंबरपासून एकही अल्बम पूर्ण ऐकला नाही.

पण रविवार येतच होता. पहिल्या रविवारी मी आठवणीतून लिहिलं, कॉलेजात ऐकलेल्या एका अल्बमबद्दल. त्यात फार मोठं पाप नव्हतं. दुसऱ्या रविवारीही तेच केलं. मग आठवणीतले संपले. इंटरनेटवर परदेशी लोकांचे चर्चेचे मंच असतात, त्यावर ते पानंच्या पानं लिहितात. मी तिथलं वाचून, आपल्या मातीच्या उपमा लावून ग्रुपवर टाकायला लागले. प्रयोगशाळेत एकदा एका मुलाने न मोजता अंदाजाने आकडे भरले होते, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. हे मला आठवत होतं. आठवूनही मी लिहीत होते. ग्रुपमध्ये 'वा ताई' आलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

फेब्रुवारीत एका स्वीडिश बँडचा अल्बम मी अजिबात न ऐकता लिहिला. मंचावर कुणीतरी म्हटलं होतं की पहिल्या लांब गाण्याचा शेवटचा भाग हवेशीर आहे. हवेशीर म्हणजे बासरी असणार, असं मी धरून चालले. आणि लिहिलं, 'सतराव्या मिनिटाला एक बासरी आहे. दोनच सूर, फार बारीक. लक्ष दिलं नाही तर निसटून जाईल.'

दर्यापूरवालीने दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'ताई, ऐकला. बासरी सापडली. काटा आला अंगावर.'

मी फोन हातात धरून उभी राहिले. म्हणजे बासरी होती तर. मला इतकं हायसं वाटलं की तपासून पाहावं हेही सुचलं नाही.

चाचा त्या आठवड्यात काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारीही नाही. मग एका दुपारी त्यांचा मला वेगळा मेसेज आला. 'बेटा, थे बासरी मले भेटून नाई राहिली. चार वेळा ऐकला. मशीन बंद करून ऐकला, पंखा बंद करून ऐकला. डावीकडं हाय का उजवीकडं?'

हे वाचलं तेव्हा मी तिवसा की धामणगावहून आलेल्या मातीच्या पिशव्यांवर क्रमांक टाकत होते. त्या क्षणी मी खरं सांगू शकले असते. दोन ओळींचं काम होतं. मी लिहिलं, 'उजवीकडे. खूप हळू आहे.'

बरं, एवढं करून मी पुन्हा पिशव्यांकडे वळले.

मार्च गेला. एप्रिलच्या पहिल्या रविवारी चाचांनी ग्रुपवर लिहिलं: 'कान तपासून आलो. बारीक आवाजाचे कान गेले म्हणते डॉक्टर. पस्तीस वर्षं मशीनवर काढले त्याचं हाय. बासरीनं पकडून देलं. आता माह्यानं लिहिणं होणार नाई. तुमी लिहा, मी वाचत जाईन.'

मोर्शीवाल्याने हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. दर्यापूरवालीने लिहिलं, 'चाचा, काळजी घ्या, आजकाल मशीन चांगल्या मिळतात कानाच्या.' मी इयरफोन शोधले, तो स्वीडिश अल्बम काढला आणि बोटाने सरकवत सतराव्या मिनिटावर नेला. बासरी नव्हती. मी सोळाव्यापासून लावलं, अठराव्यापर्यंत ऐकलं, उजवा कान, डावा कान. मग स्वयंपाकघरात चकरा मारत अख्खा अल्बम असाच तुकड्या-तुकड्यांनी ऐकला. बासरी त्या अल्बममध्ये कुठेही नव्हती.

फोनवर सांगायची सोय होती. पण चाचांशी फोनवर बोलायचं म्हणजे मोठ्याने ओरडून, आणि ही गोष्ट ओरडून सांगता येण्यासारखी नव्हती. मी त्यांना लिहिलं की शनिवारी अकोल्यात काम आहे, घरी येऊन जाईन. 'या, या,' त्यांनी लगेच कळवलं आणि पत्ता पाठवला.

बडनेऱ्याहून बस निघाली तेव्हा खिडकीतून गरम वारा येत होता. मूर्तिजापूरपर्यंत मी कशीबशी बसले, पुढे उभीच राहिले. कंडक्टर म्हणाला, 'मॅडम, जागा हाय ना.' मी म्हटलं, 'असू द्या.' बोरगाव मंजू येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. चाचा, एक गोष्ट सांगायची आहे. चाचा, चूक झाली. प्रत्येक वाक्य उभ्या उभ्या मोडून पडत होतं.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून रिक्षावाल्याने जुन्या शहरात सोडलं. घर शोधायला वेळ लागला नाही, लाकडाच्या भुशाचा वास गल्लीच्या तोंडापासूनच येत होता. चाचींनी दार उघडलं. गोऱ्या, ठेंगण्या, डोक्यावर ओढणी. 'या बाई, उन्हाच्या आल्या तुमी. येती म्हणून सकाळपासून सांगून राहिले हे.' मी चपला काढल्या आणि दाराशी असलेल्या स्टँडवर ठेवायला वाकले.

स्टँड नवीन होतं, सागाचं. तीन कप्पे होते आणि कोपऱ्यांचे सांधे दिसत नव्हते. मागच्या फळीला ताटाएवढं एक गोल भोक होतं, त्याच्यावर तसंच लहान दुसरं. माझ्या चपला त्या भोकासमोर होत्या.

'हे स्पीकरचं आहे का?' मी विचारलं.

'हो ना,' चाची म्हणाल्या. 'मागच्या आठवड्यात खोलून टाकले दोन्ही. मी म्हटलं राहू द्या, दिसायले चांगले हाय, त्याच्यावर फुलदाणी ठेवू. नाई ऐकलं. म्हणे सागाचं लाकूड हाय, कामात आलं पाह्यजे.'

दुसऱ्या डब्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. आत गेल्यावर दिसलं. त्याच्या फळ्यांच्या स्टुलावरच मला पाणी दिलं.

चाचा शेडमधून आले. ग्रुपवरच्या छोट्या फोटोत दिसायचे त्यापेक्षा वाळलेले, पांढरी दाढी, कानामागे पेन्सिल. समोर बसले, हसले, आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहायला लागले. मला कळायला थोडा वेळ लागला की ते ओठ वाचत आहेत. मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला, उभी राहिले आणि एका दमात सांगितलं. की डिसेंबरपासून मी काही ऐकलेलं नाही. की मला बसवत नाही. की स्वीडनचा तो अल्बम मी न ऐकता लिहिला आणि त्यात बासरी नाही.

कुलर चालू होता. चाचांनी हात करून चाचींना तो बंद करायला लावला.

'पुन्हा सांगा,' ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

'म्हणजे बासरी नवती.'

'नव्हती, चाचा.'

'आन् उजवीकडं म्हटलं होतं तुमी.'

'तेही खोटं होतं.'

'दर्यापूरवालीनं ऐकली म्हणे.'

'ते मला माहीत नाही.'

 चाचा उठले आणि शेडमध्ये निघून गेले. लगेच कटर मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. तो आवाज इतका मोठा होता की भिंतीवरच्या खुंटीला लटकलेली छत्री हलत होती. या आवाजात त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती.

चाची चहा टाकायला गेल्या नाहीत. माझ्यासमोर बसल्या. 'हे पाहा बाई,' त्या म्हणाल्या, 'कान गेले थे खरंच हाय. डॉक्टरनं कागदावर काढून दाखवलं. थे तुमच्यानं नाई गेले. पण हा माणूस चार दिवस धड जेवला नाई. कान गेल्याचं दुःख येगळं. सगळ्यायले ऐकू येते आन् मलेच येत नाई, थे दुःख येगळं. मी म्हटलं, अजान ऐकू येते ना, माहा आवाज येते ना, मग? तं म्हणे, तुले नाई समजायचं.'

मला निघून जावंसं वाटत होतं. येताना मी असं धरलं होतं की चाचा रागावतील किंवा माफ करतील. दोन्हींतलं काहीच होत नव्हतं, नुसतं मशीन चालू होतं. मी खोलीत फिरायला लागले. दार, स्टूल, खिडकी. चाचींनी मला अडवलं नाही. मध्येच एवढंच म्हणाल्या, 'बसवतच नाई का खरंच?'

मशीन थांबलं. चाचा दारात आले. भुवयांवर भुसा होता.

'फोन हाय ना पिशवीत? या इकडं. लावा.'

'काय लावू?'

'थोच. पयल्यापासून लावा. आन् मले सांगा काय वाजून राहिलं. जे हाय थेच सांगा.'

'चाचा, माझ्यानं बसून होत नाही. म्हणून तर हे सगळं...'

'मंग उभं राहून सांगा,' ते म्हणाले. 'मी का तुमाले बसाले सांगतलं?'

शेडमध्ये भयंकर गरम होतं. त्यांनी कपाटासाठी कापलेली लांब फळी सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकली, तिच्यावर माझा फोन ठेवला, आवाज पूर्ण केला आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही तळवे टेकवून उभे राहिले. मी फळ्यांच्या थप्प्या आणि मशीन यांच्यामधल्या वाटेने चालायला लागले आणि बोलत गेले. आता गिटार आहे, एकच तार, बाकी काही नाही. आता ड्रम आले. सातात आहे. ते म्हणायचे, 'हे समजते मले, हाताले येते. वरचं सांगा.' मी वरचं सांगायची. झांजा. गाणाऱ्याच्या मागे दुसरा एक आवाज, बाईचा, थोडा उशिरा येणारा. हा बाईचा आवाज मंचावरच्या कुणीही लिहिलेला नव्हता.

चौथं मिनिट गेलं, नववं गेलं. घामाने ब्लाउज अंगाला चिकटला होता. मी चालत होते आणि ऐकत होते, आणि मध्ये कुठेतरी हे कधी संपणार असं वाटायचं थांबलं. ते केव्हा थांबलं हे मला सांगता येणार नाही.

'आता सतरावं,' चाचा म्हणाले. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोजत होते.

'कुणीच काही वाजवत नाही आहे,' मी म्हटलं. 'नुसता खोलीचा आवाज येतो. कुणीतरी खुर्ची सरकवली. आता गाणाऱ्याने श्वास घेतला.'

'थो बी ठेवला त्यायनं?'

'ठेवला.'

त्यांनी मान हलवली. अल्बम संपेपर्यंत आम्ही तसेच होतो, ते फळीशी, मी वाटेत. संपल्यावर त्यांनी फोन पुसून माझ्या हातात दिला.

'स्पीकर आता होत नाई,' ते म्हणाले. 'लाकूड एकदा कापलं की कापलं. ग्रुपवर तुमीच सांगा. माह्याकडून नाई सांगणार मी.'

त्यांनी माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. अजूनही म्हणालेले नाहीत. चाचींनी निघताना चहा दिला आणि डब्यात शेवया बांधून दिल्या.

त्या रविवारी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. चार महिन्यांत कोणकोणतं खोटं लिहिलं त्याचीही यादी दिली. वाटलं, आता मोकळं झालं. मोर्शीवाल्याचा फोन आला. त्याच्याकडे पंपाचा आवाज येत होता. 'ताई, खराब केलं तुमी,' तो म्हणाला. आणि मग, 'पण सांगतलं थे बरं केलं.' आम्ही बोलत असतानाच ग्रुपवर ती ओळ उमटली. दर्यापूरवाली बाहेर पडली होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिने लिहिलं होतं, 'बासरी सापडली.' मी स्वतःला मोकळं करून घेताना तिला सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं. तिला आधी वेगळं कळवावं एवढंही मला सुचलं नव्हतं. मी फोन केला, तिने उचलला नाही. मेसेज पाठवले, ते वाचल्याचं दिसायचं, उत्तर यायचं नाही.

अस्वस्थपणाचा उलगडा सासूबाईंनी केला. मे महिन्यात एका सकाळी मी तिसऱ्यांदा पोहे अर्धे टाकून उठले तेव्हा त्या म्हणाल्या, 'पाळी जाऊन राहिली तुही. मले बी असंच झालतं. मी तं विहिरीवर जाऊन उगाच पाणी शेंदो, हंडा भरला की परत वतून देवो.' डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, जरा मोठ्या शब्दांत. गोळ्या दिल्या. इतकी साधी गोष्ट होती. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला ती स्वतःहून कळायला हवी होती, असं वाटून मी चिडले. गोळ्यांनी घाम कमी झाला. पाय अजून थांबत नाहीत. मी आता छतावर चालत ऐकते, सकाळी ऊन चढायच्या आधी, आणि जिथे सोडलं ते मिनिट लिहिते. 'एकवीसपर्यंत ऐकला. पुढचं माहीत नाही.'

चाचांनी कानाची मशीन घेतली. ती लावून पहिला अल्बम ऐकला तेव्हा त्यांनी लिहिलं, 'ऑर्गन टिनाच्या डब्यावानी. गाणारा नाकातून गाऊन राहिला. ढोल मात्र चांगला.' पण लिहिलं, आणि पुढच्या रविवारीही लिहिलं.

जुलैमध्ये मातीचे नमुने गोळा करायच्या शिबिरासाठी मला दर्यापूरला पाठवलं. काम दुपारी आटोपलं. जीप भरायला वेळ होता. मी स्टँडजवळची औषधांची दुकानं पाहत गेले आणि तिसऱ्या दुकानात बाईमाणूस काउंटरवर दिसलं. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पर्समध्ये होती. मी ती पुढे केली.

तिने चिठ्ठीवरचं माझं नाव आणि अमरावतीचा पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन गोळ्या आणल्या. पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा केल्या.

'मी तुला आधी सांगायला हवं होतं,' मी म्हटलं. 'एकटीला. ग्रुपवर टाकायच्या आधी.'

'हो,' ती म्हणाली.

मागे एक म्हातारे खोकल्याचं औषध मागत उभे होते. तिने त्यांना बाटली दिली, किती घ्यायचं ते झाकण दाखवून समजावलं आणि ते गेल्यावर माझ्याकडे वळली.

'ताई, मी खोटं नवतं लिहिलं. मले खरंच ऐकू आली होती. दुकान बंद करून मागं बसली होती मी, इयरफोन लावून. दोन सूर. तुमी लिहिले होते तसेच.'

'ती नाही आहे त्यात.'

'माहीत हाय. तुमी सांगतल्यावर मी पुन्हा ऐकला. तरी बी येते.' तिने पाकीट माझ्यापुढे सरकवलं. 'आता मी तुमा तिघांत येऊन काय सांगू?'

 जीपवाला 'अमरावती, अमरावती' ओरडत होता. मी तिला म्हटलं, 'अजून ऐकतेस ना?'

'ऐकते. लिहीत नाई.'

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मधल्या सीटवर चौथी म्हणून मला कोंबलं होतं, उठायला जागाच नव्हती. दोन्ही बाजूंना सोयाबीनची कोवळी रोपं पार क्षितिजापर्यंत गेली होती. वलगाव येईपर्यंत माझे पाय एकसारखे हलत राहिले, आणि शेजारच्या बाईने दोनदा माझ्याकडे पाहून घेतलं.